लोखंड बाहेर ठेवून या

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबसमोर एक कडुनिंब होता आणि त्याला किल्ल्या लागत. पहिल्या दिवशी मला खरंच तसं वाटलं. खालच्या फांदीला सुतळीचे फासे बांधलेले होते आणि त्यांत मोटारसायकलच्या, घराच्या, कपाटाच्या किल्ल्या लटकत होत्या. एका फाशात कमरेचा पट्टा, एकात छत्री. बुंध्याला एक सायकल टेकवलेली. झाडापासून लॅबच्या दारापर्यंत बरोबर बावीस पावलं होती. मी मोजली नव्हती. ज्यांनी मोजली होती ते दारातच उभे होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला खिशावर थाप मारून दाखवायला लावत होते.

त्यांना सगळे मामा म्हणत. ते प्राध्यापक नव्हते, लॅबचे परिचर होते. दहावी झालेले, सव्वीस वर्षं त्याच एका खोलीत नोकरी. पायजमा नाडीचा, कारण पट्ट्याला बक्कल असतं. पायात रबरी चपला, कारण चामडी चपलेला खिळे असतात. चष्म्याची काडी मोडली तेव्हा त्यांनी स्क्रू न लावता तिथे दोरा बांधला. जेवणाचा डबा पितळी होता आणि तो रोज चिंचेने घासलेला असे.

या सगळ्याचं कारण एक यंत्र होतं. टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर. लाकडी बैठकीवर उभं केलेलं ताटाएवढं कडं, त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, आणि कड्याच्या मधोमध काचेच्या झाकणाची एक गोल डबी. डबीत होकायंत्रात असते तशी लहानशी चुंबकसुई आणि तिला आडवा जोडलेला लांब काटा. कडं उत्तर-दक्षिण लावायचं, म्हणजे काटा शून्यावर येतो. मग तारेतून वीज सोडायची. काटा फिरतो, आणि किती अंश फिरला त्यावरून किती वीज गेली ते काढायचं. हल्ली हे काम तळहातावर मावणारं मीटर क्षणात करतं. पण आमचं यंत्र निजामाच्या काळातलं होतं. हैदराबादकडच्या कुठल्याशा शाळेतून लिलावात फिरत फिरत आमच्याकडे आलेलं. त्याच्या पितळी पाटीवर फक्त 'लंडन' एवढं वाचता येई. बाकीची अक्षरं मामांनी घासून घासून पुसून टाकली होती.

त्या काट्याला जवळपासचं लोखंड सहन होत नसे. कुणाच्या खिशात किल्ली असली तरी तो शून्य सोडून हलायचा. बाकीच्या कॉलेजांत मुलं तिकडे दुर्लक्ष करतात आणि उत्तर जुळवतात. आमच्याकडे मामा होते.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. वडिलांची बदली कळमनुरीला झाली आणि मी आखाडा बाळापूरच्या अलीकडच्या एका फाट्यावरच्या या कॉलेजात आले. वर्गातली मुलं माझ्याशी बोलताना आधी स्वतःच लाजत, मग मी लाजे, मग संवाद संपे. मामांना याची काही अडचण वाटली नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला मी घोकलेलं वाक्य इंग्रजीत म्हटलं, की कॉइलचं प्रतल मॅग्नेटिक मेरिडियनमध्ये, म्हणजे चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेत, आणायचं असतं. ते मन लावून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बराबर हाय. आता उत्तर धर."

उत्तर धरणं हा त्यांचा जगण्याचा एक भाग होता. शर्टाच्या खिशात कापडी पिशवीत ते एक लहान होकायंत्र ठेवत. ते घेऊन पुतणीच्या लग्नाला गेले आणि नवरा-नवरीची तोंडं पूर्वेला नाहीत, तेरा अंशांनी चुकून राहिलीत, असं त्यांनी मुलीच्या बापाच्या कानात सांगितलं. बाप आधीच घाबरलेला. त्याने आयत्या वेळी दोन्ही खुर्च्या फिरवल्या. पूर्व साधली, पण फोटोवाल्याचे दिवे होते तिथेच राहिले. त्या लग्नाच्या सगळ्या अल्बममध्ये नवरा-नवरी कुणीतरी हाक मारल्यासारखी एका बाजूला बघत आहेत. मामांना हे विचारलं की ते म्हणत, फोटो कुणी पण काढतं, पूर्व एकच असती.

एकदा एका मुलाने त्यांना विचारलं, घरी मामी भाकरी कशावर भाजतात, पितळी तव्यावर का? मामा शांतपणे म्हणाले, "तवा तिचा हाय, काटा माझा हाय. आमचं ठरलंय."

त्यांचा एकच शत्रू होता आणि तो म्हणजे साडेचव्वेचाळीस हा आकडा. जुन्या मुलांच्या जर्नलमध्ये या प्रयोगाचं उत्तर साडेचव्वेचाळीस अंश लिहिलेलं होतं आणि दर वर्षीची मुलं काट्याकडे न बघता तेच उतरवून काढत. मामांना जर्नल तपासायचा अधिकार नव्हता, पण आकडा वाचायला अधिकार लागत नाही. "इतकी वर्षं झाली," ते म्हणायचे, "पोरं साडेचव्वेचाळीसच आणून राहिली. काटा तिकडं एकदा पण गेलेला न्हाई. आधी वाचायचं, मग लिव्हायचं. तुमी लिव्हून वाचता."

आता माझ्या बाबतीत घडलेलं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या चौघींच्या गटाचा काटा शून्यावर येईना. मामा आले, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, कुणाजवळ तरी लोखंड हाय. एकीने केसातल्या पिना काढल्या. दुसरीने हातातलं कडं काढलं. तिसरीने पर्स झटकून रिकामी केली. काटा हटून बसलेला. मग मामांनी एकेकीला मागे जायला सांगितलं. मी तीन पावलं मागे गेले आणि काटा शून्यावर आला. मी पुढे आले आणि तो निघून गेला. तोवर अख्खी बॅच जमली होती.

माझ्या उजव्या बाहीच्या आत एक मोठी सेफ्टी पिन होती. कळमनुरीहून येणाऱ्या जीपमध्ये चौघांच्या जागेवर सहा जण बसतात आणि सगळे नीट बसत नाहीत. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं, वर्गात सांगणं तर दूरच. मामांनी विचारलं, माय, काही हाय का जवळ? मी नाही म्हटलं आणि बाही खाली ओढली.

त्यांनी माझ्या बाहीकडे पाहिलं. मग काट्याकडे. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "टेबलाखाली खिळा निघालाय वाटतं. उद्या बघतो. आज प्रयोग बंद."

त्या टेबलात एकही खिळा नव्हता. ते मामांनी स्वतः सुताराकडून लाकडी खुंट्या मारून करून घेतलं होतं आणि ही गोष्ट त्यांनी प्रत्येक बॅचला किमान दोनदा सांगितली होती. त्या दिवशी कुणालाच ती कशी आठवली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढच्या आठवड्यात लॅबच्या टोकाच्या डार्क रूमला पडदा लागला. आत एका स्टुलावर पितळी परात आणि भिंतीवर मामांच्या अक्षरात पुठ्ठा: 'ज्याच्याजवळ जे असेल ते इथे ठेवून यावे. विचारणार नाही.' मुलींसाठी त्यांनी भांडी सांधणाऱ्याकडून पितळी तार आणली होती आणि तिच्या पिना वळल्या होत्या. आगपेटीतून त्या आम्हाला वाटल्या. माझ्या हातावर दोन ठेवत म्हणाले, जीपमधी कामी येती, अन् इथं काट्याला तकलीफ न्हाई. वर पाहिलं नाही त्यांनी. मीही नाही.

शेवटच्या वर्षी अभ्यासक्रमातून तो प्रयोगच गेला. नवीन प्राचार्य आले होते. त्यांना लॅबची ती बाजू रिकामी करून तिथे मोठा स्क्रीन लावायचा होता. मोडीत काढायच्या वस्तूंची यादी निघाली. फुटक्या परीक्षानळ्या, गंजलेले स्टँड, आणि सातव्या ओळीत: टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर, एक नग, नादुरुस्त.

मामांची निवृत्ती महिन्यावर आली होती. सगळ्यांना वाटलं ते यंत्र ठेवा म्हणून हात जोडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते यादी घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सातव्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. मी तिथे बोनाफाईडवर सही घ्यायला थांबले होते.

"जुनं लिव्हा," मामा म्हणाले. "नको झालं लिव्हा. नादुरुस्त काहून लिव्हलं?"

प्राचार्यांनी समजावून सांगितलं, की चालू वस्तू मोडीत काढता येत नाही, नियम आहे, म्हणून सगळ्यांपुढे नादुरुस्तच लिहितात, मनाला लावून घ्यायचं नसतं. मामा म्हणाले, सव्वीस वर्षं मी ते संभाळलं, म्हंजे माझ्या हातात ते नादुरुस्त झालं असंच ना?  प्राचार्यांनी तो प्रश्न संस्थेच्या अध्यक्षांवर ढकलला. आणि अध्यक्षांना, का कोण जाणे, गंमत वाटली. शनिवारी मी स्वतः येतो, ते म्हणाले. यंत्र माझ्यासमोर चाललं तर ओळ खोडतो. नाही चाललं तर भंगाराची गाडी बोलावून ठेवा.

अध्यक्षांची ओळख करून द्यायला हवी. सत्तरीच्या आसपासचे, पांढरे कडक कपडे, ताठ चाल. प्रत्येक कार्यक्रमात ते आम्हाला योगासनांवर भाषण देत. मला आयुष्यात पाठदुखी माहीत नाही, हे वाक्य त्या भाषणात हमखास असे, आणि त्यावर टाळ्या वाजवायच्या असतात हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही कळून चुकलं होतं.

शुक्रवारी मामांनी मला बोलावलं. रीडिंग तू घ्यायचं, म्हणाले. मी म्हटलं, मामा, मला लोकांसमोर बोलता येत नाही. "म्हून तर," ते म्हणाले. "जी बोलत न्हाई तिचा डोळा बराबर असतो. बोलायचं काय त्यात? आकडा सांगायचा."

शनिवारी कडुनिंब वाकला होता. विभागप्रमुखांनी पट्टा काढून टांगला, त्यामुळे ते पूर्ण वेळ एका हाताने पँट धरून होते. प्राचार्यांच्या किल्ल्या, पेन, चष्म्याचं घर, सगळं फांदीवर गेलं. यादी घेऊन आलेल्या क्लार्कला स्टेपलर परत ठेवून यावा लागला, आणि यादीच्या कागदांची टाचणीही. अध्यक्षांनी मोबाइल आणि घड्याळ ड्रायव्हरकडे दिलं. मामांनी अदबीने विचारलं, साहेब, अजून काही? ते हसून म्हणाले, माझ्याकडं काय असणार.

मामांनी उत्तर धरली. काटा शून्यावर टेकला. अध्यक्ष बघायला पुढे झाले आणि काटा सावकाश त्यांच्याकडे वळला.

ते डावीकडे सरकले, काटाही सरकला. वाकले तसा तो काचेखाली थरथरायला लागला. वीज अजून सोडलेली नव्हती.

"पाहिलंत?" प्राचार्य हळूच म्हणाले. "करंटशिवाय फिरतोय. मी म्हटलं नव्हतं का."

"यंत्र बराबर हाय," मामा म्हणाले. "कुणाजवळ तरी लोखंड हाय."

 मामा काट्याकडे बघत होते. सव्वीस वर्षं ते तेवढंच बघत आले होते, आणि म्हणून माणसांकडे बघायचं त्यांच्याकडून कधीकधी राहून जाई. मी अध्यक्षांकडे बघत होते. त्यांनी सदऱ्याचं टोक कमरेपाशी धरलं आणि खाली ओढलं.

ती हालचाल मला माहीत होती. माझ्या उजव्या हाताला ती पाठ होती. आणि सदरा ओढला गेला तेव्हा कमरेभोवती एक जाड कड उठून दिसली. तसला पट्टा माझ्या आत्याकडे होता. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एक माणूस जीपवर भोंगा लावून विकतो. आत गोल गोल चुंबकं शिवलेली असतात, पाठदुखी जाते म्हणतात. त्यासमोर माझी पिन म्हणजे काहीच नव्हती.

क्लार्कने गाडीवाल्याला फोन लावायला बाहेर जाऊ का असं डोळ्यांनीच विचारलं. मामांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. सांगून टाकणं सोपं होतं. पण माझ्या वेळी कुणी सांगून टाकलं नव्हतं.

"सर, एक नियम राहिला," मी म्हणाले.  "रीडिंगच्या आधी सगळ्यांनी एकेकदा डार्क रूममध्ये जाऊन यायचं असतं. सगळ्यांनीच. आधी मी जाते."

असा नियम नव्हता. मामांनी पहिल्यांदा काट्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. माझ्या ध्यानातून गेलं."

मी आत गेले, पितळी पिन काढून परातीत टाकली, मुद्दाम आवाज होईल अशी, आणि परत लावून बाहेर आले. मग विभागप्रमुख पँट धरून गेले आणि आत काय करायचं ते न कळून तसेच परत आले. प्राचार्य जाऊन आले. शेवटी अध्यक्ष निघाले. पडद्यामागे गेले.  त्यांनी बहुधा पुठ्ठा वाचला असावा.

मग आतून वेल्क्रो उघडल्याचा आवाज आला. चर्रर्र. हळू उघडला तर कमी वाजेल असं त्यांना वाटलं असणार, म्हणून तो फार वेळ चालला. लॅबमध्ये सगळे छताकडे बघत होते. विभागप्रमुखांना पंख्यात काहीतरी दिसलं होतं. क्लार्कला खोकला आला.

ते बाहेर आले तेव्हा चाल थोडी वाकलेली होती. खुर्चीत बसताना त्यांनी दोन्ही हात टेकले. काटा शून्यावर होता आणि दगडासारखा स्थिर.

मामांनी वीज सोडली. काटा गेला, डोलला, थांबला. मी काट्याच्या एका टोकाशी वाचलं, मग दुसऱ्या. मामांनी वीज उलटी केली, पुन्हा दोन. चारांची सरासरी पेन्सिलीने कागदावर काढली आणि खोडली. पुन्हा काढली. तीच.

"किती?" मामांनी विचारलं.

एखादा अंश इकडे-तिकडे सांगितला असता तर कुणालाही कळलं नसतं.

"साडेचव्वेचाळीस," मी म्हणाले.

विभागप्रमुख हसले. त्यांनी तो आकडा शेकडो जर्नलमध्ये तपासला होता. मामांचा चेहरा पडला. माझ्यावर ते रागावले नव्हते. त्याहून वाईट होतं. पुन्हा बघ, म्हणाले. मी पुन्हा बघितलं आणि तेच सांगितलं. मग ते स्वतः वाकले, दोऱ्याचा चष्मा सरळ केला, एक डोळा मिटला. चारही वेळा वाचलं. ओठ हलत होते.

"हाय," ते अखेर म्हणाले. "खरंच हाय. आज आला तिकडं."

विभागप्रमुखांनी मोकळ्या हाताने हिशेब केला. त्याच तारेला लांब जोडून ठेवलेल्या नव्या मीटरशी उत्तर जुळलं. अध्यक्षांनी कागद मागितला. यादीवर पेनच चालतं आणि पेन सगळी झाडावर होती, म्हणून क्लार्क बावीस पावलं पळत गेला, आणि तो परत येताच मामांनी त्याला दारातच अडवलं. अध्यक्ष उठून दारापर्यंत गेले, उंबऱ्याबाहेर उभं राहून सातवी ओळ खोडली आणि वर लिहिलं: चालू. मग डार्क रूमकडे एकदा पाहिलं, आणि सगळ्यांना चहाला ऑफिसात घेऊन गेले. चहा चालू असताना मामांनी जुन्या वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं ड्रायव्हरकडे नेऊन दिलं. साहेबांचं हाय, एवढंच म्हणाले.

महिनाअखेरीला मामांचा निरोप समारंभ झाला. अध्यक्षांनी भाषण केलं. योगासनं आली, पण पाठीचं वाक्य आलं नाही. मुलांनी सवयीने तिथे टाळ्या वाजवल्या. शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांनी मामांच्या हातात स्वतःकडून एक खोका ठेवला आणि कानात काही सांगितलं.

संध्याकाळी मी निघाले तर मामा लॅबच्या दारात. सायकल झाडाखाली, किल्ली फांदीवर, नेहमीसारखं. फक्त शर्टावरून कमरेला नवा कोरा चुंबकांचा पट्टा बांधलेला.

"मामा, पाठ दुखते?"

"न्हाई," ते म्हणाले. "ये. उत्तर धर."

मी आत जाऊन यंत्र लावलं. काटा शून्यावर आला. मामा दारातच उभे होते. मग एक पाऊल आत आले, मग दुसरं, पूर्वेच्या बाजूने, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा जावं तसे. टेबलापाशी पोचेपर्यंत काटा वळत वळत गेला होता आणि काचेखाली थरथरत होता.

"सव्वीस वर्षं समोर हुतो," मामा म्हणाले. "कधी बघितलं न्हाई त्यानं माझ्याकडं. बघू द्यायचंच नव्हतं मला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "किती?"

"नव्वद, मामा. सुई पुरती तुमच्याकडे वळलीय."

"दुसरं टोक?"

मी वाकून, एक डोळा मिटून वाचलं.

"नव्वद."

"वाचलं न्हवं? मग आता लिव्ह."